कोरियाला गेलेली घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला थोडी टोचणारी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत चिमणाबाईंच्या घरी, एका पत्र्याच्या ट्रंकेत माझा मुक्काम असतो. माझ्यासारख्या घोंगड्या पिकाच्या राखणीला जातात, बैलगाडीत अंथरल्या जातात, फार तर जत्रेला जाऊन येतात. मी मात्र समुद्र ओलांडून दुसऱ्याच्या देशातल्या लढाईत गेले आणि धडधाकट परत आले. ज्यांच्यामुळे परत आले, त्यांचे उपकार सांगावेत म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म पट्टणकोडोलीचा. तिथल्या माळावरच्या मेंढ्यांची लोकर धनगरांनी कातरली, त्यांच्या बायकांनी ती पिंजून सूत काढलं आणि केरबा सनगरांनी मला मागावर विणलं. चिंचोक्यांची खळ लावून त्यांनी मला दोन दिवस उन्हात ताणून ठेवलं होतं. केरबांचे हात खरखरीत होते, पण विणीत त्यांनी एक धागा सैल सोडला नाही. पुढे बर्फात टिकायची वेळ आली तेव्हा मला त्या हातांची फार आठवण झाली.

अठ्ठेचाळीस साली चिमणाबाईंनी मला बाजारातून घरी आणलं. त्यांचे यजमान पलटणीत होते. मोठ्या युद्धात ते इटलीच्या डोंगरात पडले. घरी आला तो फक्त एक कागद. एकुलता मुलगा सयाजी, तोही सैन्यात गेला, पण दवाखान्याच्या तुकडीत. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचर उचलायचं, हे त्याचं काम.

घराच्या कट्ट्यावर रोज सकाळी मला अंथरलं जाई. शेजारचे नृसिंह मास्तर, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, माझ्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत. ते शाळेत इतिहास शिकवत. पन्नास सालच्या जूनअखेरीस एका सकाळी त्यांनी बातमी वाचली की उत्तर कोरियाचं सैन्य सरहद्द ओलांडून दक्षिण कोरियात घुसलं आहे. कोरिया कुठे आहे हे पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णांनी कट्ट्यावर खडूनं नकाशा काढला.

त्या दिवसापासून कट्ट्यावर वाद पेटला. समोरच्या घरातले ज्ञानू पैलवान म्हणायचे, आपलाच देश आत्ता कुठं उभा राहिलाय, फाळणीची जखम ओली आहे, परक्यांच्या भांडणात आपण कशाला पडायचं? अण्णांना ते मुळीच पटत नसे. आज एकाच्या घरात शिरलेल्याला कुणी अडवलं नाही, तर उद्या तो दुसऱ्याच्या घरात शिरेल, हिटलरच्या वेळी हेच झालं, असं ते सांगत. भारतानं नुसता निषेधाचा ठराव करून थांबू नये, फौज पाठवावी, हे त्यांचं ठाम मत. चिमणाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत आणि गप्प ऐकत.

ऑक्टोबरात सयाजी रजेवर आला. जेवण झाल्यावर त्यानं खाली मान घालून सांगितलं की सरकार कोरियाला लढणारी फौज पाठवणार नाही, दवाखान्याची तुकडी पाठवणार आहे, आणि त्या तुकडीत त्याचं नाव आहे.

चिमणाबाई उठून परसात गेल्या. दोन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सयाजी त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"आये, मी बंदूक घिऊन जात न्हाय. पट्ट्या घिऊन जातोय."

"तुझा बा बी परमुलखातच गेलता," त्या म्हणाल्या. "गोळी काय इचारून लागत न्हाय."

सयाजी म्हणाला, "बाला गोळी लागली तवा त्येच्याजवळ कोण हुतं, ते आपल्याला ठावं न्हाय. कुणीतरी असंल. त्येनं पाणी पाजलं असंल. ते कुणीतरी मला व्हायचंय."

चिमणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. संध्याकाळी त्यांनी मला झटकून, घडी घालून सयाजीच्या सामानावर ठेवलं. अण्णा निरोप द्यायला आले. पण त्यांच्या मनातली रुखरुख गेली नव्हती. ते म्हणाले, "जा बाबा, पुण्याचं काम आहे. पण लढणारेच नसतील, तर पट्टी बांधायला तरी कोण उरणार?"

नोव्हेंबरात आम्ही कलकत्त्याहून बोटीनं निघालो. कोरियाची थंडी मी काय सांगू! सलाईनच्या बाटल्या गोठायच्या. सयाजी त्या माझ्यात गुंडाळून पोटाशी धरायचा. दोनच आठवड्यांत उत्तरेकडून मोठा हल्ला आला आणि दक्षिणेच्या मदतीला आलेल्या फौजांची माघार सुरू झाली. सामान जाळा आणि निघा, असा हुकूम आला, कारण वाहनं नव्हती. औषधं जाळली तर पुढे माणसं कशानं वाचवणार? आमच्या लोकांनी आगगाडीचं एक इंजिन शोधून काढलं. बादल्या बादल्यांनी त्यात पाणी भरलं, सगळं सामान डब्यांत चढवलं आणि तुकडीतल्याच लोकांनी ती गाडी हाकली. दुपारी वाटेतल्या नदीचा पूल ओलांडला तेव्हा सयाजीच्या हातांना फोड आले होते आणि तो हसत होता.

पुढे तेगू नावाच्या शहरातल्या एका इस्पितळात त्याला काम मिळालं. तिथे पट्ट्या धुवायला एक म्हातारी बाई येई. तिचं नाव सयाजीला नीट उच्चारता येत नसे, म्हणून तो तिला मावशी म्हणे. तिचं घर जळलं होतं. मुलगा पहिल्याच आठवड्यात मारला गेला होता. ती कधी रडताना दिसली नाही. दिवसभर गरम पाण्यात हात घालून पट्ट्या धुवायची.

जानेवारीत एका सकाळी स्ट्रेचरवरून एक कैदी आला. हल्ला करणाऱ्यांच्या फौजेतला. वय एकोणीस-वीस असेल. पायाची जखम सडली होती आणि थंडीनं तो कुडकुडत होता. सगळी पांघरुणं संपली होती. सयाजीनं मला त्याच्या अंगावर घातलं.

मावशीनं ते पाहिलं. पट्ट्यांची बादली खाली ठेवून ती आली आणि तिनं मला त्याच्या अंगावरून ओढलं. ओढताना माझा काठ खाटेच्या खिळ्यात अडकून वीतभर फाटला. मला छातीशी घट्ट धरून ती उभी राहिली. अख्खा वॉर्ड बघत होता.

सयाजीनं तिला धक्का दिला नाही की शहाणपणही शिकवलं नाही. त्यानं आपला कोट काढून त्या पोराला घातला आणि नुसत्या स्वेटरवर जखम धुवायला बसला. मला त्यानं मावशीकडेच राहू दिलं. त्या बाईची छाती किती धडधडत होती, ते मला आजही आठवतं. मित्रांनो, तेव्हा मला तिचा राग आला नाही. तिचं सगळं गेलं होतं, आणि नेणाऱ्याला ऊब मिळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत आली. माझा फाटलेला काठ तिनं पांढऱ्या दोऱ्यानं बारीक शिवून आणला होता. तिनं मला स्वतःच्या हातानं त्या कैद्याच्या अंगावर घातलं, पायाशी नीट खोचलं. मग तिथल्या डॉक्टरांना बोलावून ती सयाजीकडे बघत काहीतरी म्हणाली. डॉक्टरांनी ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

"ती म्हणते, याला पांघरूण घाला. पण हा पुन्हा बंदूक घेऊन माझ्या दारात आला, तर याला अडवायलाही कुणीतरी या."

सयाजी उठला आणि वाकून तिच्या पाया पडला. तिला तो रिवाज ठाऊक नसावा, तरी तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात पट्ट्या धुवून धुवून सुजलेला होता.

तो पोरगा वाचला. मावशीचं पुढे काय झालं, ते मात्र कळलं नाही. आमची बदली झाली.

चोपन्न साली आम्ही कोल्हापूरला परतलो. चिमणाबाईंनी आधी सयाजीचे हात चाचपून पाहिले, मग मला. पांढऱ्या दोऱ्यावर बोट फिरवून त्यांनी विचारलं, हे कुणी शिवलं? सयाजीनं कट्ट्यावर बसून सगळी हकीकत सांगितली. अण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "मला निम्मंच समजलं होतं. अडवायचं तेवढंच."

"मला बी दुसरं निम्मंच," चिमणाबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी ट्रंकेत गेले. दोन वर्षं कुणाला माझी आठवण झाली नाही. एका कोपऱ्याला लोकर खाणारी कसर लागली. छप्पन्नच्या नोव्हेंबरात चिमणाबाईंनी मला बाहेर काढून उन्हात घातलं, कडुलिंबाची पानं आणली, आणि मला पुन्हा कट्ट्यावर अंथरलं. अण्णा बातमी वाचत होते. हंगेरी नावाच्या देशात दुसऱ्या देशाचे रणगाडे घुसले होते आणि दिल्लीचं सरकार त्यावर स्पष्ट काही बोलत नव्हतं. कट्ट्यावर कुणीतरी पुटपुटलं की तो देश फार लांब आहे, आपण बोलून कुणाला दुखवायचं कशाला.

चिमणाबाई उंबऱ्यातून उठून बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच पुरुषांच्या बैठकीत माझ्यावर बसल्या.

"अण्णा, दिल्लीला पत्र लिवा. मी सांगते."

अण्णांनी कागद काढला.

"लिवा, आमच्याकडं दरवडा पडला तर पयलं वरडायचं असतंय. ज्याच्या अंगात बळ हाय त्यो काठी घिऊन धावतोय, ज्येला ते जमत न्हाय त्यो पडलेल्याला उचलतोय. पर घर लांब हाय म्हणून वरडायचंच न्हाय, असं कुठल्या गावात असतंय?"

त्या थांबल्या. अण्णांची लेखणी कागदावर चालली होती.

"आणि लिवा, सरकारनं माझ्या पोराला तिकडं धाडलं, त्येबद्दल मी उपकार मानते. पुन्हा धाडायचा झाला तर धाडा."

पत्राखाली त्यांनी अंगठा उठवला नाही. मुळाक्षरं शिकल्या होत्या, तेवढ्यावर एकेक अक्षर जुळवत त्यांनी आपलं नाव लिहिलं.

त्या पत्राचं उत्तर आलं की नाही, मला माहीत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी घोंगडी असेल, तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कोपऱ्यात टाकून कसरीला देऊ नका. आणि कुणाचं दार फोडल्याचा आवाज आला, तर तो किती लांबून येतोय, हे मोजत बसू नका. आधी उठून उभे राहा.