गोलाचा मान

आमच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये एक काळा बोर्ड टांगला आहे. त्यावर पांढऱ्या रंगात ‘शाळेचे सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू’ असं लिहून खाली नावं काढली आहेत. पहिलं नाव जानराव नानाजी पाटील. बाहेरगावचे पाहुणे ते वाचून मान डोलावतात. दुसऱ्या नावाशी मात्र थबकतात, कारण ते गावाबाहेरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या सेवादासचं आहे, आणि तांड्यावरच्या माणसाचं नाव भिंतीवर चढवायची आमच्या गावात रीत नाही. ते तिथं कसं चढलं ते मी सांगतो. मी त्या टीमचा हाफबॅक होतो, म्हणजे सगळं जवळून बघायला रिकामा होतो.

आमचं गाव रिसोडच्या रस्त्यावर. शाळा निघाली तेव्हा खेळायला मैदान नानाजी पाटलांनी दिलं. हेडमास्तर नागपुरात शिकलेले, त्यांनी तिकडून फुटबॉल आणला. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी हौसेपायी एक घोडचूक केली. गोलाचे दोन खांब रोवले, वर आडवा बांबू टाकला आणि शोभेसाठी त्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. नानाजींनी ते पाहिलं आणि फुटबॉल त्यांना तिथल्या तिथं समजला. दोन खांब, वर तोरण, खालून काहीतरी न्यायचं. हा तर पोळा.

पोळ्याला आमच्याकडे गावच्या सगळ्या बैलजोड्या तोरणासमोर रांगेत उभ्या राहतात. आधी पाटलाची, डोक्यावर मखर बांधलेली जोडी तोरणाखालून जाते, मग ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे बाकीच्या. पाटलाची जोडी जाईपर्यंत कोणाचा बैल पाऊल उचलत नाही. तेव्हा नानाजींनी निकाल दिला की पहिला गोल पाटलाच्या घरचा, नंतरचे ज्याला मारायचे त्यानं मारावेत. असा नियम पुस्तकात नाही, असं हेडमास्तरांनी सांगून पाहिलं. नानाजींनी त्यांना मैदान कोणाचं आहे एवढंच विचारलं.

पुढे त्यांचा जानराव टीममध्ये आला. पोरगा स्वभावानं गरीब गाय, आणि धावायलाही तसाच. त्याच वर्गात सेवादास होता. चेंडू त्याच्या अनवाणी पायाला चिकटून राहायचा. समोरच्या अकरा जणांना चकवून तो चेंडू गोलाच्या रेषेवर न्यायचा, त्यावर पाय ठेवायचा आणि थांबायचा. आम्हीही थांबायचो. मागून जानराव धापा टाकत यायचा आणि चेंडू ढकलायचा. रिसोडच्या पोरांना मानपान कळत नसे, ती मधल्या वेळात चेंडू काढून घेऊन जायची. त्यामुळे आम्ही बहुतेक सामने हरलो. जे जिंकलो ते एकाच गोलानं, कारण दुसऱ्या गोलाइतका दिवस उरतच नसे. अशा रीतीनं शाळेच्या इतिहासातले सगळे गोल जानरावच्या नावावर जमा झाले. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर या बिचाऱ्या नागोबाला बीळ नकोच होतं.

सदतीस साली शाळेला पंचवीस वर्षं झाली. तोवर जानराव बायकोमुलांचा धनी झाला होता आणि सेवादास कारंज्याच्या बाजारात कापसाची गाडी हाकत होता. सर्वश्रेष्ठ खेळाडूंचा बोर्ड लावायचा ठरला. श्रेष्ठ कोण यावर भांडणं नकोत म्हणून कमिटीनं सोपी युक्ती काढली. पोळ्यात ज्या क्रमानं जोड्या जातात, त्याच क्रमानं नावं लिहायची. म्हणजे पाटलांनंतर देशमुख. देशमुखांनी आयुष्यात एकदाच फुटबॉल हातात घेतला होता आणि वास घेऊन खाली ठेवला होता. बोर्ड रंगवणारा बैलांची शिंगं रंगवण्यात गुंतलेला, म्हणून बोर्ड पोळ्यानंतर आणि माजी विद्यार्थ्यांचा सामना पोळ्याच्या आधी, असा बेत ठरला.

सामन्याच्या आदल्या दिवशी जानरावच्या बायकोनं, रुख्मिणीनं, जेवायला वाढता वाढता एक साधी गोष्ट विचारली. “इतके गोल तुमच्या नावावर हायेत. त्यातला एक तरी तुमी सोता मारला काय?” तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण इतक्या वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. जानराव ताटावरून उठला आणि मला सोबत घेऊन थेट तांड्यावर गेला.

सेवादास बैलांना पाणी दाखवत होता. जानराव म्हणाला, “उद्या तू समोरच्या टीमच्या गोलात उभा राय. अन् मले अडव.”

“कायले? पोयात पाटलाच्या जोडीसमोर कोनी आडवं होते काय?”

“मले एक डाव खेयू दे, सेवादास. मी आजवर खेयलोच नाई.”

सेवादास दुसऱ्या बैलाकडे वळला. त्यानं हो म्हटलं नाही तसंच नाहीही म्हटलं नाही. परत येताना जानराव बांधावरचे दगड लाथाडत होता. सराव करत होता बिचारा. मला त्याची दया आली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव मैदानावर लोटलं. नानाजी खुर्चीवर, हेडमास्तरांच्या तोंडात शिट्टी. जानरावनं चेंडू पुढे घेतला की समोरची टीम अदबीनं बाजूला व्हायची. एकानं तर टोपी काढून वाट दिली. जानरावनं लाथ मारली आणि चेंडू खांबाच्या बाहेरून हातभर दूर गेला. हेडमास्तरांनी गोलाची शिट्टी वाजवली. जानराव म्हणाला, गोल झाला नाही. हेडमास्तरांनी लोकांना सांगितलं की पाटील विनयशील आहेत, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. तेव्हा जानराव मैदानात फतकल मारून बसला. तो गोल रद्द झाल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. गोल नको म्हणून अडून बसलेला फुटबॉलपटू मी तेवढा एकच पाहिला. शेवटी नानाजींनी हात हलवला आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

पुन्हा वाट मोकळी झाली. पण या वेळी गोलात सेवादास पाय रोवून, हात पसरून उभा होता, आणि त्याचे डोळे चेंडूवर होते. जानरावनं ते पाहिलं. त्यानं दात खाऊन लाथ मारली, आणि खरं सांगतो, ती लाथ देखणी होती. चेंडू सरळ कोपऱ्याकडे निघाला. सेवादासनं आडवी उडी घेतली आणि तो छातीशी धरला.

नानाजी खुर्चीतून उठले. जानराव धावत जाऊन सेवादासच्या शेजारी गुडघ्यावर बसला.

“जोरात होता काय रे?”

“होता. अजून छाती दुखून राह्यली.”

जानराव हसला. लहानपणापासून मी त्याला ओळखतो, पण असा हसताना कधी पाहिलं नव्हतं.

कमिटी त्याच संध्याकाळी बसली. गोल झाला असं एकमतानं ठरलं. पाटलाला आडवा गेल्याबद्दल सेवादासची जोडी यंदा पोळ्यात सगळ्यांच्या शेवटी उभी करायची, असंही ठरलं. तांड्याची जोडी शेवटीच असायची, त्यामुळे शिक्षेची अंमलबजावणी करायला काही त्रास पडला नाही.

पोळ्याच्या दिवशी रांग लागली. शिंगं रंगवलेल्या, झुली टाकलेल्या जोड्या, पुढे मोकळी जागा पाटलाच्या जोडीसाठी. जानराव मखराची जोडी घेऊन आला, सगळी रांग ओलांडून मागे गेला आणि सेवादासच्या जोडीच्याही मागे उभा राहिला. आता पाटलाच्या आधी कोणाला जाता येईना, आणि पाटील जाईना. ऊन चढलं, घरोघरी पुरणपोळ्या गार झाल्या, बैल खूर आपटू लागले. नानाजींनी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. जानराव कासरा धरून उभाच.

दिवस कलला तेव्हा नानाजींनीच तोड काढली. मान मोडता येत नाही, पण तोरण हलवता येतं. खांब उपटून रांगेच्या मागच्या टोकाला रोवले, सगळ्या जोड्या उलट्या फिरवल्या. पाटलाची जोडी रीतीप्रमाणे पहिली गेली. तिच्या मागे दुसरी, सेवादासची. देशमुख सगळ्यांत शेवटी गेले आणि त्यांनी तीन वर्षं गावाशी बोलणं सोडलं.

मग बोर्ड रंगवायला घेतला. कमिटीचा ठराव बदलायची कोणाची छाती नव्हती. पोळ्याचा क्रम म्हणजे पोळ्याचा क्रम. शाळेला लाभलेला सगळ्यांत मोठा खेळाडू असा बैलांच्या पायांनी बोर्डावर आला.

सेवादास तो बोर्ड पाहायला कधी आला नाही. जानरावही पाहुण्यांना हॉलमध्ये नेत नाही. तो त्यांना मैदानावर नेतो, गोलाच्या खांबापाशी उभं करतो आणि सांगतो, “अठी सेवादासनं माहा बॉल अडवला होता.” पाहुण्यांना वाटतं, पाटील विनयानं बोलताहेत.