पाच नंबरची खोली

पाटा उंबऱ्यात अडकला, तशी अंबूबाईनं नवऱ्याला, आकारामला, थांबायला सांगितलं आणि पदराला तळहात पुसले. चार नंबरच्या खोलीतून पाच नंबरच्या खोलीत जायचं म्हणजे जेमतेम आठ पावलं. पण चटणी वाटायचा तो काळा दगडी पाटा आठ पावलांतही माणसाचा जीव काढायचा. अंगणभर भांडी, वाकळा, स्टोव्ह आणि देवांचे फोटो पसरले होते. सहाही खोल्यांतली बिऱ्हाडं आज एकेक दार पुढं सरकत होती, आणि सहा नंबरवाले वळसा घालून एक नंबरात चालले होते.

हा शिवय्या मालकांचा नियम. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागं एका रांगेत त्यांच्या सहा खोल्या, पुढं रस्त्याला किराणा दुकान. भाडेकरू एकाच खोलीत मुरला की खोली त्याच्या घशात जाते, असं त्यांना कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. करार अकरा महिन्यांचा, आणि अकरा महिने भरले की खोली बदल. माणूस वाईट नव्हता. नळाला कधी कुलूप लावलं नाही, दिवाळीला घरटी फराळ पाठवायचे. भित्रा मात्र होता, आणि त्याच्या भीतीपायी सहा संसार अंगणात यायचे.

नऊ वर्षांत अंबूबाईची ही दहावी वेळ. पाच नंबरात ती पूर्वी एकदा राहून गेली होती. फळीखालचा तिचा खिळा अजून तिथंच होता, तेवढंच काय ते बरं वाटलं.

मालक देखरेखीला आले तेव्हा तिनं विषय काढलाच.

"मालक, रेशन कार्डासाठी तेवढा कागद द्या की. मी हितं राहत्ये म्हणून."

"पाणी माग, लाईट माग. कागद मागू नको."

"कार्ड माझं गारगोटीकडं गावात हाय. दर महिन्याला यष्टीनं जायचं, दिवस मोडायचा, तांदूळ-साखर आणायची. आता दुकानदार म्हणतोय, तू हितं राहतच न्हाईस, नाव कापणार. तिथनं कापलं आणि हितं लागलं न्हाय, तर मी राहत्ये तरी कुठं?"

"हितंच राहतीयास की. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

"मग तेच लिवून द्या."

शिवय्या हसले आणि दुकानाकडं वळले. बोलायला हा माणूस मोकळा, पण पेन दिसलं की त्याला घाम फुटायचा.

त्याच वर्षी, २००५ साली, महापालिकेच्या निवडणुका आल्या आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव पडला. शिवय्यांच्या मनात नगरसेवक व्हायचं दहा वर्षं घोळत होतं. त्यांनी बायकोला उभं केलं. चन्नम्माक्का जयसिंगपूरकडच्या. दुकानात शेंगदाणे तोलायच्या, गिऱ्हाइकाशी मराठी बोलायच्या आणि चिडल्या की कानडी. पोस्टरवर उमेदवार म्हणून त्यांचा फोटो पासपोर्टच्या मापाचा, शिवय्यांचा त्याच्या दीडपट. आक्कांनी तो एकदा बघितला आणि पुन्हा तराजू हातात घेतला.

गणपती झाले आणि मतदारयादीवर विरोधकांची हरकत आली. शिवय्यांच्या रांगेतले सगळे मतदार बोगस आहेत म्हणे. पडताळणीला कारकून आला आणि यादी धरून पालिकेनं दारावर रंगवलेले नंबर बघत हिंडू लागला.

"खोली दोन. अंबूबाई आकाराम?"

दोन नंबरातून मार्केट यार्डात हमाली करणारा केरबा लुंगी सावरत बाहेर आला. कारकुनानं त्याला खालून वर बघितलं.

"तू अंबूबाई?"

"मी केरबा. अंबूबाई पाचात हाय."

"पाचात तर यादीत केरबा आहे."

"व्हय, तवा मी पाचातच हुतो की. आन् ती दोनात."

तीन वर्षांपूर्वी याद्या करायला मास्तर आले होते. जो ज्या दारात दिसला, त्याचं नाव त्यांनी त्या दाराच्या नंबरावर लिहिलं होतं. त्यानंतर सगळी रांग तीन दारं पुढं सरकली होती. यादीत सहाही घरांची माणसं होती, पण एकही आपल्या दारात नव्हतं. कारकुनानं सगळ्या नावांपुढं फुल्या मारल्या आणि सुनावणीची तारीख देऊन गेला. केरबाला वाटलं आपण साहेबाला नीट समजावून सांगितलं.

सुनावणीला वॉर्ड ऑफिसात सगळी रांग हजर झाली. आपलं नाव कापलं जाणार या धास्तीनं अंबूबाईनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. गावात कापायला निघालेत, आता इथंही. शिवय्यांनी घरून एक अर्ज लिहून आणला होता. साहेबांनी तो वाचला आणि परत सरकवला.

"सदर व्यक्ती माझ्या परिचयाच्या आहेत, म्हणजे काय? परिचयाचे तर माझेपण पुष्कळ आहेत. राहतात का? कधीपासून? आणि यादीतल्या नंबरावर का सापडत नाहीत? मालक म्हणून लिहून द्या, नाहीतर नावं उडतील."

शिवय्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. एकीकडं रांगेतली बावीस मतं, दुसरीकडं सहा खोल्या. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले. अंबूबाईला त्यांची कीव आली आणि रागही आला.

"लिहा की," मागून चन्नम्माक्का म्हणाल्या. "अंबू आली तवा आपला सोमेश रांगत हुता. दहा वर्षं होत आली. लिहा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"उमेदवार कोण हाय? मी का तुम्ही?"

साहेबांनी चष्म्यावरून दोघांकडं पाहिलं. शिवय्यांनी लिहिलं. कोण, कधीपासून, आज कुठल्या खोलीत, सगळं लिहिलं. शेवटी साहेबांनी सांगितलं म्हणून हेही लिहिलं, की मी स्वतः दर अकरा महिन्यांनी यांच्या खोल्या बदलवतो, यात भाडेकरूंचा दोष नाही. स्वतःची हुशारी स्वतःच्या अक्षरात वाचताना त्यांचे कान लाल झाले होते. साहेबांनी यादीतले नंबर दुरुस्त केले आणि शिक्का मारला.

सगळे उठले, अंबूबाई उठली नाही.

"सायब, त्या कागदाची एक झेरॉक्स मिळंल का? शिक्क्यासकट?"

महिनाभरात तिचं कार्ड झालं. अंबूबाई आकाराम, खोली नंबर पाच, कोल्हापूर. तिनं ते आकारामला तीनदा वाचायला लावलं.

निवडणूक झाली. चन्नम्माक्का चाळीस मतांनी पडल्या.

आठ दिवस शिवय्या दुकानात येणाऱ्या रांगेतल्या प्रत्येकाकडं संशयानं बघत होते. रांगेनं मतं दिली की नाही, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. रांग हबकली. डिसेंबरात अकरा महिने भरले आणि ते अंगणात येऊन उभे राहिले.

"चला. खोल्या बदला."

"मालक, माझं कार्ड पाच नंबरचं झालंय," अंबूबाई म्हणाली. "सहात गेल्ये तर परत खोटी पडंन."

"ते तुझं तू बघ."

दहा वर्षांची सवय वाईट. बायकांनी भांडी काढायला घेतली. अंबूबाईला रडू येत होतं, तरी तिनं पाट्याची एक कड धरली, आकारामनं दुसरी. उंबऱ्यापर्यंत आले तोच दुकानाच्या मागच्या दारातून आक्का आल्या. कंबरेला पदर खोचलेला, हात शेंगदाण्याच्या टरफलांनी भरलेले.

"ब्याडा, ब्याडा! नगं! ठेव खाली. कुणी हलायचं न्हाय."

"का?" शिवय्या म्हणाले.

"पुढच्या बारीला मी परत उभारणार हाय. यादीत जो जिथं लिहिलाय, तो तिथंच सापडला पाहिजे."

"पुढच्या बारीला वॉर्ड बायकांचा नसंल."

"नसू दे. खुल्या जागेवर बाईनं उभारायचं न्हाय, असं कुठं लिहिलंय? आणि पोस्टरवर तुमचा फोटो नगं."

केरबा मोठ्यानं हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. शिवय्यांनी बायकोकडं पाहिलं, सहा दारांकडं पाहिलं.

"आक्का, हात तुटायलेत," अंबूबाई म्हणाली. "ठेवू का जाऊ?"

"ठेव."

अंबूबाईनं पाटा खिडकीखालच्या कोपऱ्यात ठेवला. दहा वर्षं ती त्याच्याखाली कौलाचा तुकडा सारून तो सारखा करायची, कारण तो परत उचलायचाच असायचा. आज तिनं तुकडा शोधला नाही.

"अवं," ती आकारामला म्हणाली, "येताना मूठभर सिमेंट आणा कुठनंतरी."

शिवय्या दुकानाकडं निघाले होते. ते थांबले, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"दुकानामागं अर्धं पोतं पडलंय," ते म्हणाले. "आन् वाळू चाळून घे म्हणावं. न्हायतर हलतोय पाटा."