भागलं तर वाढलं

सुलभाबाईंचा गणिताचा तास म्हणजे तोफखाना. तोंडून प्रश्न सुटला की उत्तर आलंच पाहिजे, आणि पोरांकडून नाही आलं तर बाई स्वतःच देऊन मोकळ्या. रोहिणखेडजवळच्या त्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं गुणाकार-भागाकार झोपेतही करतील, असं गाव म्हणायचं आणि बाईही म्हणायच्या.

सातवीतली छकुली मात्र त्यांच्या डोक्याला ताप होऊन बसली होती. अपूर्णांकांच्या भागाकारापाशी तिची गाडी अडली ती अडलीच. शेवटी बाईंनी ठरवलं, गणितापुरतं हिला पाचवीच्या पोरांत बसवायचं. तिच्या आईला, पुष्पाबाईला, तसा निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत भेटायला बोलावलं.

नेमका त्याच दिवशी त्यांनी आपला तास मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. शिक्षकांच्या बैठकीत तसं सांगितलं होतं, स्वतःचा तास स्वतः ऐका म्हणून. बाईंना ही थेरं वाटली. आपलंच कीर्तन आपणच काय ऐकायचं! तरी संध्याकाळी भाजी निवडताना त्यांनी ते रेकॉर्डिंग लावून ठेवलं.

"सहाला अर्ध्याने भागा. काय करायचं? अर्धा उलटा करायचा आणि गुणायचं. बारा! कळलं?"

"हो बाई!" सगळा वर्ग ओरडला. बाई खूश झाल्या. तेवढ्यात त्या गलक्यामागून छकुलीचा बारीक आवाज आला, "बाई, भागलं तं वाढलं काऊन?"

"पुढचं घ्या," हा त्यांचाच आवाज. थोड्या वेळाने छकुली पुन्हा, "पण बाई, वाढलं काऊन?" आणि पुन्हा त्यांचाच आवाज, "छकुली, बडबड बंद!"

मेथीची जुडी बाईंच्या हातातच राहिली. वाटायला घेतलं की कमी होतं, हे पोरीला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते बारा तिच्या गळी उतरत नव्हते. त्यांनी मनातल्या मनात तिला समजावून सांगायला घेतलं. उलटा करायचा... पण का? इतकी वर्षं शिकवलं, आणि हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई पदर सावरत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. बाई छकुलीच्या बाकापाशी गेल्या.

"काल तू काय विचारत होतीस गं?"

"काही नाही बाई."

"विचार की. मी रागावणार नाही."

छकुलीने आईकडे पाहिलं, मान खाली घातली आणि घडाघडा म्हणून टाकलं, "अर्धा उलटा करायचा अन् गुणायचं. बारा."

"आलं ना बाई तिले!" पुष्पाबाईचा चेहरा उजळला. "कालपासून घोकूनच राह्यली ते. आता तं नाही ना बसवत पाचवीत?"

उत्तर बरोबर होतं, आणि बाईंना रडू यायचंच बाकी होतं.

"नाही बसवत," त्या कशाबशा म्हणाल्या आणि बाकाच्या कडेला टेकल्या. "छकुली, बारा बरोबर आहेत. पण भागल्यावर वाढतं कसं, ते मला सांगता येत नाही."

छकुलीने मान वर केली. "तुमालेबी नाही समजत?"

"नाही."

"मंग मी ढ नाही ना, बाई?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. छकुली बाकावर जराशी सरकली आणि त्यांना नीट बसायला जागा करून दिली.