व्याह्यांचा थर्मास

माझ्या मुलीने मुलगा स्वतःच शोधला होता. दोघांच्या आया फोनवर एकमेकींना ‘अगं’ म्हणायला लागल्या होत्या. फक्त मुलाचे वडील अजून हो म्हणाले नव्हते. ते पुलांचे इंजिनिअर. भार टाकून पाहिल्याशिवाय काही पास करत नसत.

“दिवाणखान्यात माणूस कळत नाही, डोंगरावर कळतो. रविवारी या,” त्यांनी मला फर्मावलं.

थंडी अशी, की श्वास मिशीतच गोठत होता. बायकोने माझ्या नव्या लोकरी पँटची सगळी बटणं दुहेरी दोऱ्याने पक्की केली. “काही तुटलं तर अब्रू जाईल. आणि त्यांनी काही दिलं तर नाही म्हणू नका.”

नाही म्हणालो नाही. वाटेत तीन धबधबे लागले, प्रत्येकापाशी त्यांनी थर्मासमधून चहा दिला. धबधबे सुंदर असावेत. मी तो आवाज कानाआड करायच्या खटपटीत होतो. शिखरावर ते म्हणाले, “हा शेवटचा. संपवून टाका.” टाकला.

“दरी बघून येतो,” म्हणत मी खडकामागे गेलो आणि हातमोजे काढले. बटण दिसत होतं, बोटही दिसत होतं, पण दोघांची ओळख पटेना. फुंकर मारली, हात काखेत धरले. बायकोच्या शिवणकामाची खरी किंमत मला तिथे कळली.

परत आलो.

“कशी आहे दरी?”

“खोल आहे. पुन्हा बघावी लागेल.”

“थांबा, मीही बघतो.”

ते गेले ते गेलेच. मग हाक आली, “अहो, जरा इकडे येता का? चेन निघत नाहीये. चेन चांगली आहे हो, बोटं गेलीत.”

मी त्यांची चेन दोन्ही तळव्यांत धरून ओढली, त्यांनी माझ्या बटणाला कोपर लावून पाहिलं. चार हात, वीस बोटं, सगळी शोभेची.

“काहीतरी गरम हातात धरलं तर...” असं म्हणत त्यांनी थर्मास उलटा केला. एक थेंब पडला. “शेवटचा कप घ्यायचाच कशाला? नाही म्हणायचं!”

“तुम्हाला? मुलीचा बाप आहे मी.”

आम्ही उतरू लागलो. कोणी भेटलं तर मदत मागायची असं ठरलं, पण असल्या थंडीत शहाणी माणसं घरात होती. वळणावर पाण्याचा आवाज आला.

“बोलू नका,” ते म्हणाले.

“नाही बोलत.”

“आणि हसवू तर मुळीच नका.”

झालं! आधी मला हसू फुटलं, मग त्यांना. पुढे जे व्हायचं ते दोघांचंही त्याच वळणावर झालं.

बराच वेळ आम्ही समोरच्या डोंगराकडे बघत उभे राहिलो.

“आता?” मी विचारलं.

“आता धबधबा,” इंजिनिअर म्हणाले.

कमरेपर्यंत भिजून, काकडत खाली गाडीपाशी आलो. गाडीत वाट बघत बसलेल्या आमच्या बायका धावल्या. “अगं बाई! पाण्यात पडलात?”

“यांचा पाय घसरला,” मी म्हणालो.

“यांनी हात दिला,” ते म्हणाले.

“मग? डोंगरावर कळला का माणूस?” त्यांच्या बायकोने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दात वाजत होते. “लग्न लवकर उरकून घ्या. हा माणूस परका ठेवून चालणार नाही.”

माझी बायको माझ्या पँटकडे बघत होती. “एवढे पडलात,” ती कौतुकाने म्हणाली, “पण एक बटण हललं असेल तर शपथ!”