बाटलीवरचं नाव

गिरिजाबाई उंबऱ्यांनी ईट गावात इतक्या जणांना सांगून ठेवलं होतं, की आता नाव आलं नसतं तर तोंड लपवून फिरायची पाळी आली असती. आधी जावेला सांगितलं, मग पिठाच्या गिरणीत, मग बचत गटाच्या बैठकीत, आणि शेवटी स्टँडवरच्या गफारभाईंच्या हॉटेलासमोर उभं राहून. तिथं सांगणं म्हणजे गावात दवंडी देणंच. "माझ्या रानातल्या द्राक्षाची बाटली निघणाराय. वर माझं नाव. नवऱ्याचं न्हाय, पोराचं न्हाय. माझं."

आता यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. वाटू द्या. ज्यांचं नाव जन्मल्यापासून सगळीकडं लिहिलेलं असतं, त्यांना असंच वाटायचं. गिरिजाबाईंचा नवरा महादप्पा तीस वर्षं ढोकीच्या साखर कारखान्यात कारकून होता. शनिवारी रात्री घरी यायचा आणि सोमवारी पहाटे पिशवी उचलून जायचा. रान केलं ते बाईंनी. छाटणी त्यांनी केली, विरळणी त्यांनी केली, गारपिटीत वेलींवर गोणपाटं टाकायला त्याच धावल्या. पण सातबाऱ्यावर महादप्पा, सोसायटीत महादप्पा, आणि दिल्लीला जाणाऱ्या थॉमसन द्राक्षांच्या पेट्यांवर छापलेलं असायचं 'म. शि. उंबरे, ईट'. महादप्पा बिचारा देवमाणूस. तो स्वतःच म्हणायचा, "अगं, वेल कुठल्या अंगानं वर चढतो ते बी मला ठाऊक न्हाय." पण छापणारे त्याचंच छापायचे.

चार वर्षांपूर्वी तुळजापूरच्या अलीकडं माळावर वाइनरी झाली. त्यांना वेगळी द्राक्षं पाहिजे होती. गिरिजाबाईंनी दीड एकर शिराज लावली, आणि या वेळी कागदावर स्वतःचं नाव घातलं. पहिल्या बहारात मणी बघून त्यांना रडू आलं. अठरा मिलिमीटरचा मणी काढणारी बाई ती, आणि वेलीला लागले होते करवंदाएवढे काळे गोळे. "पाणी तोडा, मणी बारीकच राहू द्या," असं कंपनीचा माणूस सांगायचा. लोक बांधावर थांबून विचारायचे, काय लावलंय, मनुके? बाईंनी मन घट्ट केलं, पाणी तोडलं, आणि मणी बारीक राहू दिला. असं शिकायला पन्नाशीनंतर लई मोठं काळीज लागतं, हे मी सांगतो.

मग या जानेवारीत वाइनरीतून फोन आला. पस्तीस शेतकऱ्यांच्या मालात ईटचा माल वेगळाच उतरलाय. मोठ्या टाकीत न मिसळता त्याची वेगळी बाटली काढायचा विचार आहे, वर गावाचं आणि तुमचं नाव. रविवारी चाखायला या, त्याच दिवशी पक्कं करू.

रविवारी बाई हिरवं इरकली लुगडं नेसून, कपाळाला विभूती लावून गाडीत बसल्या. गाडी पोराची, अमरनाथची. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आये, तिथं कमी बोल." बाईंनी काचेबाहेर बघितलं. त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि आजही घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वास घेऊ, मान हलवू, नाव बघू आणि येऊ.

वाइनरी काय वर्णावी. बाहेर धोंडे आणि कुसळं, आणि दार उघडलं की एकदम गार. भिंतभर काच, लाकडी पिंपांच्या रांगा, आणि पांढऱ्या कापडाच्या लांब मेजावर प्रत्येकापुढं सहा-सहा ग्लास. मालक इंद्रजितराव स्वतः दारात आले. मेजाशी पुण्याहून आलेले दोन खरेदीदारही होते. वाइन करणारी मुलगी अश्लेषा, धाराशिवचीच, नाशिकला आणि मग परदेशात शिकून जूनमध्ये इथं रुजू झालेली. तिनं बाईंना खुर्ची ओढून दिली. "बसा मावशी. तुमचीच वाट बघत होते."

तिथल्या कामाच्या पोरींनी ग्लासात वाइन ओतली, तीही तळाला एक घोट. बाईंच्या मते यजमानांची पहिली चूक झाली ती इथं. आपल्याकडं पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर पाहुणा परत त्या घराची पायरी चढत नाही. त्यांनी अमरनाथकडं बघितलं. "एवढं मोठं भांडं आणि एवढंसं?" तो कानात म्हणाला, "पद्धत आहे आये."

मग अश्लेषानं ग्लास फिरवला, नाक खुपसलं, घोट तोंडात घोळवला, आणि शेजारच्या चकचकीत स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकला. खरेदीदारही ओळीनं थुंकले. बाई बघतच राहिल्या. त्यांच्या घरात खाली पडलेला मणी उचलून कपाळाला लावून खातात. वर्षभर राबून पिकवलेलं ही शिकलेली माणसं थुंकतात, आणि तेही एकमेकांदेखत.

"मला न्हाय जमणार ते," त्या म्हणाल्या. "म्या नुसता वास घेते."

"घ्या ना," अश्लेषा म्हणाली. "निम्मं काम नाकाचंच आहे."

पहिले तीन ग्लास झाले. बाईंना एकात जांभळाचा वास आला, एकात ओल्या गोणीचा, आणि तसं त्यांनी सांगून टाकलं. अश्लेषा हसून ते वहीत लिहून घ्यायला लागली. मग चौथा ग्लास आला, आणि खरेदीदारांपैकी एकानं घोट घेतला तो थुंकायचं विसरून गिळला.

"हा कुठला?" त्यानं विचारलं.

"ईट," इंद्रजितराव म्हणाले, आणि हळूच बाईंकडं बघितलं. "भूम तालुका. या समोर बसल्यात त्यांचा."

दोघंही खरेदीदार वळून बाईंकडं बघायला लागले. असं त्यांच्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. बाईंचे कान गरम झाले. इंद्रजितरावांनी खिशातून एक कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. बाटलीवर लावायचा कागद तो, नमुन्याला छापून आणलेला. जाड पिवळसर कागद, वर वेलीचं चित्र, आणि काळ्या ठसठशीत अक्षरांत 'गिरिजाबाई उंबरे, ईट'. खाली बारीक अक्षरांत 'ईटच्या काळ्या मातीचा स्वतःचा सुगंध'. बाईंनी त्या नावावरून बोट फिरवलं. अक्षरं किंचित वर आलेली होती, बोटाला लागत होती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"पस्तीस जणांच्या मालात असा वास कुठंच नाही," अश्लेषा म्हणाली. "थंडगार, नाकात चढणारा. सहा महिने मी याच्या मागं आहे. तुमची माती दोनदा तपासायला पाठवली. घ्या मावशी, तुमचाच आहे."

बाईंनी ग्लास नाकाशी धरला. आधी नुसता अभिमान आत गेला. मग वास गेला. त्यांनी ग्लास खाली ठेवला, परत उचलला, परत हुंगला.

हा वास त्यांना ठाऊक होता. सर्दी झाली की पातेल्यात उकळून, डोक्यावर चादर घेऊन ओढायचा वास. निलगिरी.

गेल्या फेब्रुवारीतला द्राक्षांचा तोडा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. कंपनीनं पाठवलेले क्रेट उघडेबोडके, भोकाभोकांचे. थॉमसनच्या पेटीला तळाला कागद असतो, गादी असते, तरी वाटेत मणी दबतो. आणि हे नाजूक घड नुसत्या प्लॅस्टिकवर, टेम्पोत, तुळजापूरपर्यंत? बिनअस्तराचा माल गावाबाहेर धाडणारी बाई आळशी, असं त्यांच्या सासूनं त्यांना शिकवलं होतं. वर गांधीलमाश्या घोंघावत होत्या. बांधावर निलगिरीची सात झाडं. त्यांनी अमरनाथला वर चढवून फांद्या तोडायला लावल्या, आणि क्रेटाक्रेटाला खाली बोटभर पाला अंथरला, वरून पाला पांघरला. मणी दबला नाही, माशी बसली नाही. किती नीट काम केलं म्हणून त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या होत्या.

मातीचा सुगंध कसला. क्रेटातल्या पाल्याचा वास हा.

मेजाखाली अमरनाथचा पाय त्यांच्या पायावर आला. त्यालाही कळलं होतं. तो हसत खरेदीदारांकडं बघत होता आणि पाय दाबत होता. गप बस, असं तो पाय सांगत होता. आणि गप बसलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. कागद छापलेला होता. नाव समोर होतं. गाव वाट बघत होतं. बाईंनी ते नाव परत एकदा वाचलं, आणि सांगतो तुम्हाला, त्यांना ते सोडवेना.

पण खात्री तर करायला पाहिजे. त्यांनी मनात बसवेश्वराची माफी मागितली आणि घोट घेतला. आंबट, तुरट, जीभ ओढणारा, आणि शेवटी घशात तो गारवा. अश्लेषानं स्टीलचं भांडं पुढं केलं. बाईंनी मान हलवली आणि घोट गिळला. रानातलं होतं, ते थुंकायचं नव्हतं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "हा मातीचा वास न्हाय. निलगिरीचा हाय. म्या क्रेटात पाला घातला होता."

बाईंनी सगळं सांगितलं, सासूपासून गांधीलमाश्यांपर्यंत. अश्लेषानं ग्लास उचलून डोळे मिटून हुंगला. मग तिनं क्रेट रिकामे करणाऱ्या कामगाराला बोलावलं. तो म्हणाला, व्हय, पाला होता, बराच वेचून फेकला, थोडा गेला असंल आत. कुणी विचारलं नाही म्हणून तो बोलला नव्हता. अश्लेषानं कपाळाला हात लावला. "आणि मी माती तपासत बसले."

इंद्रजितराव मात्र व्यवहारी माणूस. त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "काय बिघडलं? वास चांगला आहे, लोकांना आवडतोय. पुढच्या वर्षी परत पाला घाला. हे आपल्यातच राहील."

खरेदीदार ग्लासात बघत होते. त्यांचीही हरकत दिसत नव्हती.

"तर मग पाल्याचा वास म्हणून इका, साहेब," बाई म्हणाल्या. "कागदावर तुमी लिवलंय माझ्या मातीचा. माझी माती अशी वास मारत न्हाय. आन् पाल्यावर माझं नाव नको."

"गिरिजाबाई, नाव काढलं तर हा माल मोठ्या टाकीत जाईल. मग तो कुणाचाच नाही. विचार करा."

"जाऊ द्या." हे म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदरानं ओठ पुसले आणि पुढचं नीट म्हणाल्या. "पुढल्या महिन्यात तोडा हाय. बिनपाल्याच्या क्रेटात आणून देते. तवा चाखा. तवा वाटलं तर नाव टाका, न्हाय वाटलं तर टाकू नका. पर जे हाय ते माझं असंल."

अश्लेषा म्हणाली, "मी तोड्याला येते मावशी, बांधावर." इंद्रजितरावांनी कागद उचलून घडी घालून खिशात ठेवला. बाई तो खिशात जाईपर्यंत बघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर बार्शी आली. अमरनाथ म्हणाला, "गावात काय सांगणार हैस? म्हण की छापायला गेलंय. दोन महिन्यांत विसरतील लोक."

"गाडी स्टँडवर घे," बाई म्हणाल्या.

ऊन कलत आलं होतं. गफारभाईंच्या हॉटेलासमोर दहा-बारा माणसं बसलेली. गाडी दिसताच गफारभाई हात पुसत बाहेर आले. मागोमाग बाकावरची माणसंही उठली. बचत गटातल्या दोघी दळण घेऊन चालल्या होत्या, त्याही थांबल्या.

"या भाबी. आपल्याला त्या बाटलीशी काय लेनादेना न्हाय, पर नाव आलं का तेवढं सांगा. सकाळपासनं लोक डोकं खायलेत माझं."

बाई गाडीतून उतरल्या. अमरनाथ आतच बसून राहिला.

"आलं होतं," त्या म्हणाल्या. "छापून बी झालं होतं. बोटाला लागत होतं अक्षर. म्याच काढायला लावलं."

कुणीतरी मागं हसलं. गफारभाईंना काही कळेना. "का हो?"

"त्यात एक गोष्ट खोटी होती. मला ठाऊक होती, त्यांना न्हवती." आणि त्यांनी तिथंच, भर स्टँडवर, पाल्याची सगळी हकिकत सांगितली, आपली चूक कुठं झाली तेही. मागचं हसणं थांबलं. दळणाची पाटी डोक्यावर घेतलेली बाई ती खाली ठेवून ऐकायला लागली.

सांगून झाल्यावर गफारभाई पुढं आले. "मग आता कुणी विचारलं तर काय सांगू, भाबी? नाव नाही आलं म्हणून सांगू?"

"न्हाय," बाई म्हणाल्या. "गिरिजाबाई उंबऱ्यांनी नको म्हणलं म्हणून सांगा. नावानिशी सांगा."