माझ्यात दोनच जागा आहेत

मी एक जुनी, तांबडी, दोन दारांची स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा गोड बोलतात. शाळेतला फळा काय, देवळातली घंटा काय, सगळी कशी समजूतदार. मला तसं जमणार नाही. मी रागावलेली आहे. ज्या बाईंनी मला रोज फूल वाहिलं, त्यांच्यासारख्या हळू आवाजात सांगायचा प्रयत्न करीन. मध्येच हॉर्न वाजला तर क्षमा करा.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. माझे पुढचे दिवे एरवी मिटलेले असतात. कळ दाबली की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. जहाजातून मी मुंबईला आले. तिथल्या एका हौशी माणसाची हौस फिटल्यावर ऋत्विकने मला विकत घेतलं. तो पुण्यात नोकरीला होता आणि त्याचं घर रत्नागिरीजवळ, हापूसच्या बागेत. एका गणपतीत तो मोठ्या दिमाखात मला घरी घेऊन आला. फाटकाशी जांभ्या दगडाचा उंबरा होता. त्यावर माझं पोट असं खरवडलं, की आवाज ऐकून सगळी आळी गोळा झाली.

बागेचं सगळं बघणारे रावजी माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वैनी, ही गाडी हाय का घोरपड? हिच्यात बसायचं तं आधी जमिनीवर लोळाया लागंल!"

सगळे हसले. ऋत्विकचे वडील, श्रीपतीकाका, हसले नाहीत. ते म्हणाले, "दोनच माणसं बसतात हिच्यात. काय कामाची?"

हे वाक्य मी विसरलेली नाही.

पुढे ऋत्विक परदेशी गेला आणि मी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांच्या मांडवात ताडपत्रीखाली राहिले. कोंबडीने माझ्या टपावर अंडी घातली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. त्याचंही मला एवढं वाटलं नाही. पण दसरा! दसऱ्याला त्या घरात ट्रॅक्टरला हार, स्कूटरला हार, फवारणीच्या पंपाला हार, विहिरीवरच्या मोटारीला हार, कोयत्यालासुद्धा झेंडूचं फूल. मी तेवढी वगळलेली. का, तर "ती ऋत्विकची आहे, तो आला की बघेल."

एकट्या उमाकाकू मला विसरल्या नाहीत. ऋत्विकची आई. त्यांचे नेम फार. सकाळी तुळशीला पाणी, मग गायीला घास, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा. पूजेतून उरलेलं एखादं जास्वंद त्या येता येता ताडपत्रीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तूही घरचीच हो." मांडवातून मला स्वयंपाकघराचं मागचं दार दिसायचं. सगळ्यांची जेवणं आटोपली की काकू मागच्या पायरीवर बसून नाचणीची भाकरी खायच्या. मला वाटायचं, आवडत असेल. मीही त्यातलीच, जास्त विचार न करणारी.

या मार्गशीर्षात ऋत्विकचा काकांना फोन आला, "आप्पा, गाडी विकून टाका." कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या संदेशशी बोलणं झालं. रत्नागिरीहून मेस्त्री आला, त्याने दोन दिवस खपून मला उठवलं. काका म्हणाले, "सकाळी जातो, गाडी देतो आणि एसटीने परत येतो."

"मी येऊ?" काकूंनी विचारलं. "वाटेत डुलकी लागली तर बोलायला कुणी हवं."

काकू लोळल्या नाहीत. पदर सावरून, देवघरात बसावं तशा अलगद आत बसल्या. मांडीवर पिशवी. पिशवीत जेवणाचे डबे, खण आणि घरच्या माडाचा नारळ.

"नारळ कशाला गो?"

"असू दे."

काकांनी पुढे विचारलं नाही. मात्र घाट चढताना काकू माझ्या काचेतून बाहेर बघत आपणहून बोलायला लागल्या, आणि मला कळलं. त्यांच्या घराण्याची कुलदेवता अंबाजोगाईची योगेश्वरी. ती मूळची कोकणातली. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड निघालं, वाटेत मुहूर्त टळला आणि ती तिथेच राहिली, अशी कथा आहे. "एवढ्या लांब एकटी राहिलेली आपली लेक," काकू म्हणाल्या, "तिला माहेरचा नारळ कुणी न्यायचा, आपणच ना?" म्हणून त्या कुठेही निघाल्या की पिशवीत नारळ असायचा. मिरजेला भाच्याच्या लग्नाला गेल्या तेव्हा होता. सोलापूरला कुणाच्या बारशाला गेल्या तेव्हाही होता. प्रत्येक वेळी काका म्हणाले, "पुढच्या वेळी जाऊ." नारळ परत आला आणि देवघरातल्या गणपतीपुढे बसला.

"हो, जायचंय खरं एकदा," काका आताही म्हणाले आणि त्यांनी गियर बदलला.

मलकापूर सोडल्यावर त्यांनी मला एका वडाच्या सावलीत उभी केली. बाहेर बसावं तर मुंग्या. दोघांनी डबे माझ्यातच उघडले. काकांच्या डब्यात दहीभात, वर लिंबाचं लोणचं. काकूंच्या डब्यात भाकरी.

"हे काय? तुझा भात?"

"मी भाकरी आणलीय."

"अगो, एवढा आहे, घे की यातला."

"नको हो. जेवा तुम्ही."

आता नीट ऐका. घरात हे संभाषण इथेच संपलं असतं. काकू ताक आणायला म्हणून आत गेल्या असत्या. पण माझ्यात स्वयंपाकघर नाही. मागची पायरी नाही. दोनच जागा, खांद्याला खांदा लागलेला, आणि शेजारच्या मांडीवरचा डबा बघायचा नाही म्हटलं तरी दिसतो.

"उमा, पोट बरं नाहीये का?"

"बरं आहे. भात सोडलाय मी."

"कधीपासून? साखर वाढली की काय?"

"ऋत्विक रांगत होता, त्याला तो ताप आला होता ना, तेव्हापासून. देवीला बोलले होते मी. हा उठू दे, आम्ही जोडीने येऊन ओटी भरू. तोवर भात नाही."

काका आधी हसले. "काहीतरीच. गणपतीत मोदक असतात."

"करते की."

"खात नाहीस?"

"माझ्यापर्यंत उरतात कुठे? आणि कुणी विचारतही नाही."

"घावनं?"

"तुमच्यासाठी."

"लग्नकार्यात? तिथे भाताशिवाय..."

"बायकांची पंगत शेवटची. पोळी घेतली की झालं."

काकांचा हात डब्यातच राहिला. मग त्यांनी चिडून विचारलं, "आणि मला सांगितलं नाहीस?"

"जाऊ या, असं दरवर्षी सांगत होते."

"भाताचं बोलली असतीस तर!"

"मी उपाशी राहते म्हणून चला, असं म्हणायचं?" काकूंचा आवाज एवढासाच होता. "देवीचं ते देवीसाठी व्हावं. जेवणाची अडवणूक कशाला करायची?"

मित्रांनो, माझं इंजिन बंद होतं, तरी मी तापले. कोकणात भात म्हणजे जेवण. बाकी सगळं त्याच्या अवतीभोवती. त्या घरात रोज दोन वेळा भात शिजला, तो या बाईंनी शिजवला, निवळ पेज आजाऱ्यांना पाजली, मऊ भात म्हाताऱ्यांना भरवला. ज्या मुलासाठी भात सोडला तो मुलगा मोठा झाला, गाडी घेता झाला, परदेशी गेला. आणि त्याला पत्ता नाही, याला पत्ता नाही, सासरी नाही, शेजारी नाही! आंब्याच्या पानावर तुडतुडा बसला तर श्रीपतीकाकांना लांबून दिसतो. ताटात भात नाही हे दिसलं नाही! कारणं तरी किती! मोहोर आला, फवारणी आहे. फळ धरलं, राखण आहे. काढणी आहे, पेट्या भरायच्या आहेत. मग पाऊस, मग लावणी, मग गणपती, मग कापणी, मग पुन्हा मोहोर. वर्षात एक महिना देवीच्या वाट्याला आला नाही. काकू एकट्याही गेल्या असत्या हो, एसटीने. पण ओटी जोडीने भरायची असते, आणि जोडीतल्या एकाला वेळ नव्हता.

काका खाली उतरले आणि त्यांनी माझं दार धाडकन आपटलं. बघा! चूक यांची आणि दार माझं. वडाभोवती एक फेरी मारून ते परत आले, दहीभाताचा डबा झाकला आणि हात पुढे केला. "दे ती भाकरी इकडे. अर्धी."

"तुम्हाला गाडी चालवायचीय. पोटभर..."

"दे म्हटलं ना."

तेवढ्यात संदेशचा फोन आला. "काका, कुठवर आलाय? गिऱ्हाईक येऊन बसलंय इथं."

"आज नाही येत. परवा येतो."

"आवं, पण निघालाय कुठं?"

"अंबाजोगाईला."

"त्या गाडीतनं? काका, कंबर मोडंल तुमची! माझी गाडी पळवून न्यायलाय व्हय?"

"परवा देतो म्हटलं ना, शब्द आहे," काका म्हणाले आणि फोन ठेवला. काकूंनी पिशवीतल्या नारळावर हात ठेवला तो कितीतरी वेळ उचलला नाही.

न कपडे, न औषधं, न ठरवलेली वाट. कोल्हापूर बाजूला टाकून आम्ही मिरजेच्या रस्त्याला लागलो. मी किती पळाले म्हणता! प्रत्येक गतिरोधकावर माझं पोट घासत होतं आणि प्रत्येक वेळी काकू माझ्या दारावर थोपटून म्हणत, "लागलं का गं?" दिवेलागणीला काका कळ दाबायला गेले तशा काकू म्हणाल्या, "थांबा जरा." त्या खाली उतरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. माझे दिवे वर आले, आणि त्यांनी हात जोडले. आज तुळस नव्हती, समई नव्हती. त्यांचा संध्याकाळच्या दिव्याचा नेम माझ्या दिव्यांवर पार पडला. त्या उजेडात त्या मला पहिल्यांदा समोरून दिसल्या. लहानखुऱ्या. थकलेल्या.

रात्र सोलापूरला एका धर्मशाळेत गेली. सकाळी दोघं माझ्यात येऊन बसतात तोच रावजींचा फोन.

"दादा, ढग आलंत. मोहोराची फवारणी आजच झाली पायजे. कवा येताव?"

काकांचा चेहरा उतरला. काकूंनी तो बघितला आणि लगेच पिशवी मांडीवर ओढली. "चला परत. आंबा गेला तर वर्ष जाईल. देवी समजून घेईल हो."

देवी समजून घेईल! सगळ्यांनीच समजून घ्यायचं, तिने आणि हिने! काकांचा हात रिव्हर्स गियरवर गेला. मित्रांनो, गियर पडला नाही. मेस्त्री म्हणाला होताच, रिव्हर्स जाम आहे म्हणून. असेलही. मी एवढंच सांगेन की मला त्या वेळी मागे जायचं नव्हतं.

काकांनी गियर सोडला आणि फोन पुन्हा कानाला लावला. "रावजी, मी नाही येऊ शकत. तुझ्याच्याने होईल का?"

पलीकडून मोठ्याने हसू आलं. "दरवर्षी कोन करतंय? तुमी तं नुसते बांधावर छत्री घेऊन उभे ऱ्हाता! जावा, वैनीस घेऊन जावा."

काकांनी मला पुढे काढलं. तुळजापूर मागे गेलं, लातूर मागे गेलं. मग ते फक्त "उमा" म्हणाले. काकू म्हणाल्या, "रस्त्याकडे बघा."

देवळात काय झालं ते मला माहीत नाही. मी बाहेर उभी होते आणि पोरं माझ्या आरशात तोंडं बघत होती. जोडीने आत गेले तेव्हा पिशवी जड होती. बाहेर आले तेव्हा ती काकूंच्या हातात घडी केलेली होती. एवढं मी पाहिलं. तेवढं पुरे.

काकू माझ्यात येऊन बसल्या. काका खानावळीत गेले आणि पत्रावळीवर भात, वरण घेऊन आले. दुसऱ्या हातात मिठाची पुडी. ती पत्रावळ त्यांनी काकूंच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः दारापाशी रस्त्यावरच बसले, खाली, धुळीत. "तू जेव. मी बघतो," म्हणाले.

काकूंनी पहिला घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. डोळे मिटलेले होते. काका खालून बघत होते.

"तांदूळ जुना आहे," काकू म्हणाल्या. "आपला बरा."

काका हसायला गेले आणि त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं.

तुम्हाला वाटेल, आता मला घरी नेलं असेल, दसऱ्याला हार घातला असेल. नाही. परत येताना काकांनीच विचारलं, "ठेवू या का हिला?" काकू म्हणाल्या, "तुम्ही शब्द दिलाय." मला कुणी विचारलं नाही. कोल्हापूरला काकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, फूल ठेवलं, आणि दोघं एसटी स्टँडकडे चालत गेली. काकू मागे नव्हत्या, शेजारी होत्या.

आता मी संदेशच्या काचबंद दुकानात उभी आहे. कुंकू पुसून टाकलं. येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, "दोनच माणसं बसतात? मग काय कामाची?" माझं डोकं फिरतं. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीत चार बसोत, सात बसोत. आज घरी गेलात की एवढं करा. तुमच्या आईच्या शेजारी बसा, तिला उठू देऊ नका, आणि ताटात काय आहे ते बघा. जे नसेल ते का नाही, विचारा. "तुम्ही जेवा" म्हणाली तर ऐकू नका.

संदेशच्या माणसांनी मला आतून धुतलं, पुसलं, यंत्र लावून धूळ ओढून घेतली. पण डाव्या सीटच्या फटीत खोल, काकूंच्या हातून सांडलेलं भाताचं एक शीत आहे. वाळून खडा झालंय. ते मात्र मी कुणाला काढू देणार नाही.