चांदीसकट कडूबा

मित्रांनो, मी अंगणवाडीतला एक जुना वजनकाटा आहे. ‘आहे’ असं आपलं मी म्हणतो. रजिस्टरात माझ्या नावापुढं लाल शाईनं ‘निकामी’ लिहिलेलं आहे. पण पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागून जी वस्ती आहे, तिथल्या पत्र्याच्या खोलीत मी अजून टांगलेला आहे. समोरच्या दारातून किल्ला दिसतो. तो माझ्यापेक्षा बराच जुना आहे, लोक त्याला बघायला लांबून येतात. पण त्यानं आयुष्यात एकाही पोराचं वजन केलेलं नाही, हे मी त्याला मनातल्या मनात ऐकवत असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वर एक कडी, खाली एक हूक, मध्ये गोल तबकडी आणि पोटात स्प्रिंग. डोकं मला दिलेलं नाही. माझ्या कामात ते लागतही नाही. हुकाला जे लटकेल ते स्प्रिंग ओढतं आणि सुई सरकते. याला लोक प्रामाणिकपणा म्हणतात. माझ्या हातून आयुष्यात एकच मोठा घोटाळा झाला, तो या प्रामाणिकपणामुळंच.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी वस्तीतल्या आया पोरं घेऊन यायच्या. सेविका वच्छलाबाई नव्यानंच लागल्या होत्या. त्या पोराला कापडी झोळीत बसवायच्या, झोळी माझ्या हुकाला अडकवायच्या आणि आकडा तक्त्यावर लिहायच्या. लटकवलं की प्रत्येक पोर भोकाड पसरायचं. मी स्वतः जन्मभर लटकलोय आणि एकदाही रडलो नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?

कडूबा माझ्याकडं पहिल्यांदा आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. घर मेंढपाळाचं. त्याचा बाप पुंजाराम मेंढरं घेऊन दूर शेताशेतांत खतासाठी बसवायला गेलेला असायचा. घरी आई राजाबाई, आजी सारजाबाई आणि आजोबा सोनाजी. कडूबाच्या आधीची दोन बाळं वर्षाच्या आतच गेली होती. म्हणून याचं नाव मुद्दाम कडूबा ठेवलं, की कुणाला गोड वाटू नये आणि कुणी उचलून नेऊ नये. मित्रांनो, नावानं एवढं काम केलं, बाकीचं काम जेवणानं करायचं होतं.

सातव्या महिन्यात तो सात किलो तीनशे भरला. वच्छलाबाई म्हणाल्या, “चांगलं आहे. आता दुधावर भागायचं नाही, वरचं खायला सुरू करा.” सारजाबाईनं वरचं सुरू केलं; घरातलं मला बायकांच्या गप्पांतून कळायचं. तिनं ते शब्दशः घेतलं. वरणाचं वरचं पाणी! त्याच्या जोडीला चहात बुडवलेलं बिस्कीट. राजाबाई भाकरी दुधात कुस्करून द्यायला निघाली, तर सारजाबाईनं वाटी काढून घेतली.

“चार दात नाय आले अजून, अन् भाकर चारती व्हय? पोटाला जड होतंय. दोन गेल्यात, इसरली का?”

दोन गेलेल्यांचं नाव निघालं की राजाबाई वाटीचा हट्ट सोडायची.

आठव्या महिन्यात सारजाबाईनं कडूबाच्या पायांत चांदीचे वाळे घातले. चारचौघांत पोर भुंडं न्यायचं नाही, नजर लागते, असं तिचं म्हणणं. सुई सात किलो चारशेवर थांबली. नवव्यात कमरेला चांदीचा करदोटा आला. सात पाचशे. दहाव्यात देवगाव रंगारीहून कडूबाच्या आत्यानं मनगटात घालायच्या बिंदल्या पाठवल्या. सात सहाशे. अकराव्यात गळ्यात हसळी पडली आणि मी सात सातशे दाखवले. तक्त्यावरची रेघ कशी झोकात चढत होती! मला स्वतःचा अभिमान वाटायचा. वस्तीत एवढ्या नेमानं वाढणारं दुसरं पोर नव्हतं.

वच्छलाबाई दर वेळी म्हणायच्या, “सारजाबाई, दागिने काढून वजन करायचं असतं.”

“काढते की,” सारजाबाई म्हणायची, “पोराचं लगीन झालं की काढते.”

वच्छलाबाई नव्या होत्या आणि सारजाबाई पन्नास वर्षं जुनी. वच्छलाबाई लिहून मोकळ्या व्हायच्या.

एकदा माझ्यासमोरच राजाबाई सासूला हळूच म्हणाली, “आत्या, पोरगं अंगावर दिसत नाय. करदोटा खाली घसरायलाय त्याचा.”

“मोठ्या मापाचा हाय तो. अन् हा काटा काय खोटं बोलतोय व्हय? दर महिन्याला चढायलंय पोरगं!”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सात सातशेवर ठाम होतो. आज ते आठवलं की माझी स्प्रिंग आवळते. एका आईचं खरं म्हणणं माझ्या आकड्याखाली दबलं. मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. फक्त मी पोराबरोबर सराफाचंही वजन करत होतो.

बाराव्या महिन्यात सारजाबाईच्या बहिणीच्या घरी बारसं निघालं आणि सगळी चांदी तिकडं उसनी गेली. त्या मंगळवारी कडूबा पहिल्यांदा नुसता कडूबा म्हणून आला. झोळी अडकवली. सुई सरकली आणि सात किलो तीनशेवर थांबली.

वच्छलाबाईंनी सुई पुन्हा वाचली. मग सारजाबाई म्हणाली, “काटा बिघडला.”

माझी परीक्षा सुरू झाली. मदतनीस दगडाबाईनं पाच किलोची सुकडीची पिशवी लटकवली. मी पाच दाखवले. सारजाबाईनं किराणा दुकानातून दोन किलोचं लोखंडी माप आणवलं. मी दोन दाखवले. तरी ती म्हणेना की काटा बरा आहे. शेवटी दगडाबाई म्हणाली, “आता मीच लटकू का?” मी पंचवीस किलोपर्यंतचा. देव त्या बाईचं भलं करो, तिनं तो विचार सोडला.

एवढ्यात काखेत कोकरू घेऊन सोनाजी बायकोला बोलवायला आला. मेंढरांच्या बाजारात त्याचा हात नावाजलेला. कोकरू दोन हातांवर तोलायचा, पाठीच्या मणक्यावरून अंगठा फिरवायचा आणि वजनही सांगायचा, ते पोटभर खातंय की उपाशी तेही सांगायचा. भांडण ऐकून तो म्हणाला, “काटा बिघडंल, माझा हात नाय बिघडत. हे कोकरू साडेसहा. लटकवा.”

मी जीव मुठीत धरला. सुई साडेसहावर थांबली. सोनाजीनं माझ्याकडं मान हलवली. एका जाणकारानं दुसऱ्याला ओळखावं तशी! त्या एका मान हलवण्यावर मी आजवर जगतोय.

तेव्हा राजाबाई पुढं आली. तिनं कडूबाला सासऱ्याच्या हातांत ठेवलं. “मामा, आता ह्याला उचला. नातू म्हणून नका उचलू. कोकरू म्हणून उचला.”

सोनाजीनं त्याला दोन हातांवर घेतलं. वर्षभर तो नातवाला रोज उचलत होता, खेळवत होता. पण तसं तोललं नव्हतं कधी. त्यानं कडूबाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत एकदा. त्याचा चेहरा उतरला.

“सात किलोच्या जरा वर,” तो म्हणाला. “हे कोकरू असतं, तर मी म्हणलो असतो, ह्याच्या पोटात निस्तं पाणी जायलंय. कळपासंगं चालवूच नका ह्याला.”

सारजाबाईनं कडूबाची रिकामी कंबर चाचपली. “मंग पाच महिने मी काय वाढवलं?”

उत्तर बारशाला गेलं होतं.

वच्छलाबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. डाळ घट्ट पाहिजे, भाकरी कुस्करून पाहिजे, वर चमचाभर तेल, जमलं तर अंडं, आणि दिवसातून चार-पाच वेळा. सारजाबाईनं मान खाली घालून सगळं ऐकलं आणि त्या दिवसापासून वाटी राजाबाईच्या हातात दिली.

आता अडचण अशी झाली, की कडूबा तोंड उघडेना. पाच महिने पाण्यावर काढलेला माणूस, त्याला चावणं ही फसवणूक वाटत होती. माती खायचा, आजोबाची काठी चोखायचा, माझ्या झोळीचा बंद चघळायचा. फक्त घास दिसला की ओठ शिवल्यासारखे. शेवटी सोनाजीनं ते कोकरू त्याच्यासमोर बांधलं आणि पाला टाकला. कोकरू चावायला लागलं. कडूबा बघत राहिला आणि त्याचीही जिवणी हलायला लागली. राजाबाईनं घास आत सारला. पुढं हाच नेम झाला. कोकरानं एक तोंड मारलं की याचा एक घास.

पुढच्या महिन्यात सारजाबाई दोघांनाही घेऊन आली. कोकरू दीड किलोनं वाढलं होतं, कडूबा तीनशे ग्रॅमनं.

“दोघांचं लिहा,” ती म्हणाली.

“सारजाबाई, कोकराचं लिहिता येत नाही.”

“लिहा की! एवढा तक्ता रिकामा हाय.”

त्यानंतर कडूबा महिन्यामागं महिना चढत गेला, आणि या खेपेला खरोखर तोच चढत होता. तो नऊ किलोचा झाला त्या दिवशी सारजाबाईनं माझ्यापुढं नारळ फोडला आणि तबकडीला कुंकू लावलं. ते नेमकं नऊच्या आकड्यावर लागलं. दगडाबाईनं पुसेपर्यंत वस्तीतली पोरं आठांवरून थेट दहांवर जात होती. मित्रांनो, यंत्राला कुणी नमस्कार करावा, एवढं भाग्य किती जणांना लाभतं? मी त्या माउलीचा ऋणी आहे. चुकलं म्हणून कबूल करणारी माणसं माझ्यासमोर फार आली नाहीत, आणि नारळ घेऊन तर ती एकटीच आली.

पुढं वीस-बावीस वर्षांनी माझी स्प्रिंग सैल झाली. सुई शून्यावर यायची बंद झाली. कुणी नसताना मी तीनशे ग्रॅम दाखवू लागलो. नवा काटा आला. त्याच्यात सेल असतात आणि आकडे उजळतात. मला उतरवायला स्टूल मिळेना, म्हणून मी राहिलो. दोन वर्षं माझ्यावर कोळ्यानं जाळं विणलं. त्याचं वजन मला कळलं नाही.

मागच्या मंगळवारी एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस कडेवर वर्षाची मुलगी घेऊन आला. मी त्याला ओळखलं नाही. एवढ्या वजनाची माणसं माझ्या तबकडीत बसत नाहीत. त्यानं मुलीच्या पायांतले वाळे काढले, कमरेचा करदोटा काढला, मनगटातल्या बिंदल्या काढल्या. इकडंतिकडं बघितलं. मग सगळं माझ्या हुकाला अडकवलं.

“माझी सारजाआजी म्हणायची,” तो सेविकेला म्हणाला, “पोरीला तिकडं ठेवायचं अन् चांदीला इकडं.”

सुई हलली. मुलगी नव्या काट्यावर बसून बिस्कीट नव्हे, भाकरीचा तुकडा चघळत होती. त्या काट्यानं तिचं वजन सांगितलं आणि मी चांदीचं. माझं तीनशे ग्रॅमनं चुकलं असेल, पण आता ते कुणी लिहीत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या बाळाचं वजन करायला जाल तेव्हा ते नुसतं बाळच घेऊन जा. आणि त्याची आई काही म्हणत असेल, तर माझ्याकडं बघायच्या आधी तिच्याकडं बघा. वाळे, करदोटे, हसळ्या माझ्याकडं द्या. तेवढं मी सांभाळतो.